विद्युत् वाहने व पथकर

विद्युत् वाहने व पथकर : रस्ता, पूल, घाट किंवा बोगदा यांच्या वापराबद्दल वाहनधारकाकडून त्या ठिकाणीच घेतल्या जाणाऱ्या आकारास पथकर किंवा टोल असे म्हणतात. बॅटरीत साठविलेल्या विजेवर चालणाऱ्या वाहनांचा प्रसार व्हावा म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही देशांनी अशा वाहनांना पथकरातून सूट दिली व महामार्गांच्या कडेने चार्जिंग केंद्रे उभारण्यास साहाय्य केले. या धोरणाचा सर्वांत दीर्घ व परिपूर्ण इतिहास नॉर्वे या देशात आढळतो. थोड्या वाहनांना दिलेली सूट यशस्वी झाली, म्हणजे ती वाहने थोडी राहत नाहीत. आणि मग रस्त्याचा खर्च कोणी द्यावा, हा जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो, असे या इतिहासावरून दिसून येते. हा प्रश्न आता भारतात व महाराष्ट्रातही उपस्थित झाला आहे.

पूर्वपीठिका : पथकराची प्रथा फार प्राचीन आहे. कोकण व जुन्नर यांना जोडणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण असून, सातवाहन काळात घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकीत, अशी परंपरागत समजूत आहे. मात्र अशी जकात प्रामुख्याने मालावर आकारली जाई व तिचे उत्पन्न रस्त्यासाठीच खर्च व्हावे, असे बंधन नसे. विशिष्ट रस्त्याच्या दुरुस्तीसाठी त्याच रस्त्यावरून जाणाऱ्यांकडून पैसे घ्यावयाचे, ही कल्पना इंग्लंडमध्ये १६६३ च्या कायद्याने रूढ झाली. हा कायदा लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या मार्गाच्या काही भागापुरता होता. पुढे यासाठी स्वतंत्र विश्वस्त मंडळे स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अशा मंडळांची संख्या हजाराहून अधिक होती व त्यांच्या ताब्यात सु. ३५,००० किमी. लांबीचे रस्ते होते.

या नाक्यांवर आरंभापासून काही प्रवाशांना सूट असे. पादचारी, रविवारी उपासनेस जाणारे लोक, अंत्ययात्रा व टपालगाड्या यांस कर पडत नसे. १७८४ मध्ये टपालगाड्यांची सेवा सुरू झाली, तेव्हा तिला मिळालेली सूट कोणास फारशी जाणवली नाही. पुढे या गाड्यांची संख्या वाढली. त्या वेगाने धावत व रस्त्यांची झीज करीत; शिवाय त्यांतून प्रवासीही जात असल्याने कर भरणाऱ्या खाजगी गाड्यांचा धंदा बुडू लागला. स्कॉटलंडमधील मंडळांनी याविरुद्ध गाऱ्हाणी मांडल्यावर १८१३ मध्ये तेथील चारचाकी टपालगाड्यांची सूट रद्द करण्यात आली व टपाल खात्याने तो बोजा पत्रामागे अर्धा पेनी जादा आकारून जनतेवर टाकला. सवलत, तिचा विस्तार, इतरांवर पडणारा भार आणि अखेर सवलतीचा लोप, हा क्रम दोन शतकांनंतर विद्युत् वाहनांच्या बाबतीत जवळजवळ तसाच घडून आला.

पथकराचा बोजा कोणावर पडतो, याविषयीचा असंतोषही जुनाच आहे. दक्षिण वेल्समधील शेतकऱ्यांना शेतात टाकावयाचा चुना वाहून नेताना पुनःपुन्हा कर द्यावा लागे. १८३९ मध्ये व नंतर १८४२-४३ मध्ये त्यांनी रात्रीच्या वेळी स्त्रीवेष धारण करून नाके उद्ध्वस्त केले. ही चळवळ ‘रिबेका दंगे’ या नावाने प्रसिद्ध आहे. रेल्वेच्या प्रसारानंतर या मंडळांचे उत्पन्न घटले आणि १८९५ मध्ये शेवटचे मंडळही बंद पडले.

पथकराकडून इंधनकराकडे : मोटारगाडीच्या आगमनानंतर रस्त्याच्या खर्चासाठी निराळा मार्ग उपलब्ध झाला. प्रत्येक नाक्यावर गाडी थांबविण्याऐवजी तिच्या इंधनावर कर बसविल्यास वसुलीचा खर्च अत्यल्प होतो. शिवाय जो अधिक अंतर जातो व ज्याची गाडी जड आहे, तो आपोआपच अधिक कर देतो. ब्रिटनमध्ये १९०९ च्या अर्थसंकल्पात पेट्रोलवर कर बसविण्यात आला व त्याचे उत्पन्न रस्तेसुधारणेसाठी राखून ठेवण्यात आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ऑरेगन राज्याने १९१९ मध्ये गॅलनमागे एक सेंट कर आकारून तेथे या पद्धतीचा पाया घातला.

भारतात या पद्धतीचे श्रेय मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्तेविकास समितीस द्यावे लागते. १९२७ मध्ये नेमलेल्या या समितीने रस्ते ही केवळ स्थानिक संस्थांची जबाबदारी नसून त्यांस राष्ट्रीय महत्त्व आहे, असे प्रतिपादन केले आणि पेट्रोलवर जादा अधिभार बसवून त्यातून रस्ते निधी उभारावा, अशी शिफारस केली. त्यानुसार १९२९ मध्ये पेट्रोलवरील कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आण्यांवर नेण्यात आला व वाढीव दोन आणे निधीत जमा होऊ लागले. पुढे २००० च्या केंद्रीय रस्ते निधी अधिनियमाने या निधीस वैधानिक स्वरूप प्राप्त झाले. मुंबई इलाख्यात रस्ते व पूल यांवरील पथकरासाठी १८७५ चा स्वतंत्र कायदा होता. मोटार वाहन कराची पद्धत रूढ झाल्यावर असे जुने नाके मागे पडले. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर खाजगी भांडवलातून द्रुतगती मार्ग बांधण्याचे धोरण आल्यावर मात्र पथकराचे पुनरुज्जीवन झाले.

इंधनकराची ही व्यवस्था एका गृहीतावर उभी होती. ते म्हणजे प्रत्येक गाडी पेट्रोल किंवा डीझेल जाळीत असणार. विद्युत् वाहनाने या गृहीतासच धक्का दिला.

आरंभीची विद्युत् वाहने व चार्जिंग : विद्युत् मोटारगाडी ही पेट्रोल मोटारगाडीइतकीच जुनी आहे. १८९९ मध्ये बेल्जियन चालक कामिय झेनात्सी याने विजेच्या गाडीतून ताशी १०० किमी. वेगाची मर्यादा प्रथमच ओलांडली. अमेरिकेत १९०० साली तयार झालेल्या ४,१९२ मोटारगाड्यांपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर व केवळ ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. विजेच्या गाडीस धूर, आवाज व वास नसे. हाताने दांडा फिरवून यंत्र सुरू करण्याचे कष्टही नसत. परंतु तिची धाव थोडी असे व गावाबाहेर तिला वीज मिळत नसे. पेट्रोल मात्र डब्यात भरून कोठेही नेता येई. १९१२ मध्ये पेट्रोल गाडीस विद्युत् आरंभक जोडला गेला, तेव्हा विजेच्या गाडीचा मोठा गुणविशेषही प्रतिस्पर्ध्याकडे गेला.

रस्त्यात वीज पुरविण्याचे प्रयत्न त्या काळीही झाले. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील वीज कंपनीने विद्युत् मालमोटारींसाठी बॅटरी बदलून देण्याची सेवा चालविली. मालक गाडी विकत घेई, बॅटरी कंपनीची असे. मालकास दरमहा ठराविक आकार व शिवाय गाडी जितके मैल चालेल त्याप्रमाणे आकार द्यावा लागे. वापरलेल्या अंतरावर पैसे घेण्याची ही रीत त्या वेळी वीजविक्रीपुरती होती; रस्त्याच्या खर्चासाठी तिचा विचार पुढील काळात झाला. १९२० नंतर विजेच्या मोटारगाड्या बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या.

नॉर्वेमधील पथकर : नॉर्वेचा किनारा फ्यॉर्डांनी चिरलेला, भूप्रदेश डोंगराळ व लोकसंख्या विरळ (सु. ५५ लाख) आहे. त्यामुळे पूल, बोगदे व नौकासेवा यांशिवाय रस्ते पुरे होत नाहीत. अशा बांधकामासाठी कर्ज काढून ते पथकरातून फेडावयाचे व कर्ज फिटल्यावर नाका उठवावयाचा, अशी तेथील रीत आहे. प्रत्येक योजनेस संसदेची मान्यता लागते. १९८६ मध्ये बर्गेन, १९९० मध्ये ऑस्लो व १९९१ मध्ये ट्रॉनहेम या शहरांभोवती नाक्यांचे कडे उभारून शहरात येणाऱ्या प्रत्येक गाडीकडून कर घेण्यास सुरुवात झाली. त्याच सुमारास गाडी न थांबविता इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या साहाय्याने कर वसूल करण्याचे तंत्रही तेथे विकसित झाले.

या पार्श्वभूमीवर बेलोना या पर्यावरणवादी संघटनेचे फ्रेडरिक हाउगे यांनी ‘आ-हा’ या प्रसिद्ध संगीतवृंदातील कलावंतांच्या साथीने एक लहान फियाट गाडी आयात केली. तिचे पेट्रोलयंत्र काढून तीत विद्युत् चलित्र बसविलेले होते. प्रदूषण न करणाऱ्या गाडीस कर पडू नये, असे सांगून त्यांनी ती पथकर व वाहनतळ शुल्क न भरताच चालविली आणि दंडही भरला नाही. तेव्हा अधिकाऱ्यांनी गाडी जप्त करून लिलावात काढली. परंतु दुसरा कोणी ग्राहक नसल्याने ती अल्प किंमतीत पुन्हा संघटनेकडेच आली व हाच प्रकार फिरून सुरू झाला. वृत्तपत्रांनी या प्रकरणास मोठी प्रसिद्धी दिली.

सवलतींचा काळ : १९९० मध्ये विद्युत् गाडीस नोंदणीच्या वेळच्या करातून तात्पुरती सूट मिळाली व १९९६ मध्ये ती कायम करण्यात आली. १९९७ मध्ये पथकर माफ झाला. १९९९ मध्ये नगरपालिकांच्या वाहनतळांवर शुल्क माफ झाले व त्याच वर्षी या गाड्यांच्या क्रमांकपट्टीवर निराळी आद्याक्षरे घालण्यात आल्याने नाक्यावर त्या ओळखणे सोपे झाले. २००१ मध्ये मूल्यवर्धित कर माफ करण्यात आला. बससाठी राखलेल्या मार्गिकेतून जाण्याची मुभा प्रथम ऑस्लो परिसरात व २००५ मध्ये देशभर मिळाली. २००९ मध्ये राष्ट्रीय मार्गांवरील नौकांतून गाडी विनाशुल्क नेता येऊ लागली. या सवलतींमागे पर्यावरणाबरोबरच देशातील विद्युत् गाड्यांच्या नवजात उद्योगास हातभार लावण्याचाही हेतू होता. मात्र तो उद्योग टिकला नाही. त्यातील प्रमुख कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

आरंभीची वीस वर्षे या सवलतींची किंमत शासनास नगण्य होती, कारण घेण्याजोगी गाडीच बाजारात नव्हती. २०११ च्या सुमारास मोठ्या कारखानदारांच्या चांगल्या गाड्या उपलब्ध झाल्या, तेव्हा नॉर्वेतील ग्राहकास त्या पेट्रोल गाडीच्या बरोबरीच्या किंमतीत मिळू लागल्या. कारण पेट्रोल गाडीवर तेथे भारी कर होता. किंमतीतील ही समानता हेच विद्युत् वाहनांच्या प्रसाराचे मुख्य कारण मानले जाते. परंतु पथकराच्या सवलतीचा प्रभाव स्थानिक पातळीवर विशेष दिसून आला. स्टाव्हांगर शहराजवळील फिनॉय हे बेट २००९ मध्ये समुद्राखालील बोगद्याने मुख्य भूमीशी जोडले गेले व बोगद्याचा खर्च भरून काढण्यासाठी भारी पथकर ठेवण्यात आला. रोज कामावर जाणाऱ्या रहिवाशांनी हा कर वाचविण्यासाठी विद्युत् गाड्या घेतल्या आणि त्या गाड्यांच्या प्रमाणात हे लहानसे बेट देशात अग्रेसर ठरले. ज्या कर्जासाठी कर होता, ते फेडण्याचा भार साहजिकच उरलेल्या पेट्रोल गाड्यांवर आला. सवलतीचे यश व सवलतीचे संकट या दोन्ही गोष्टी या बेटावर एकाच वेळी दिसून आल्या.

रस्त्याकाठची चार्जिंग केंद्रे : पथकर माफ असला, तरी वाटेत वीज न मिळाल्यास लांबचा प्रवास शक्य होत नाही. नॉर्वेत बहुतेक घरे स्वतंत्र असल्याने दैनंदिन चार्जिंग घरीच होते. तसेच देशातील जवळजवळ सर्व वीज जलविद्युत् असल्याने ती मुबलक आहे. खरी अडचण महामार्गांवर होती. गाड्या नाहीत म्हणून केंद्र परवडत नाही व केंद्र नाही म्हणून कोणी गाडी घेत नाही, असा हा पेच होता. २००९ पासून शासनाने चार्जिंग केंद्रांना अनुदान दिले आणि २०१५ पासून प्रमुख महामार्गांवर दर ५० किमी. अंतरात जलद चार्जिंगची सोय व्हावी, अशी योजना हाती घेतली. वर्दळीच्या मार्गांवर लवकरच खाजगी कंपन्या स्वतःच्या भांडवलावर केंद्रे उभारू लागल्या. विरळ वस्तीच्या उत्तर भागात मात्र शासकीय साहाय्याची गरज राहिली.

जलद चार्जिंग केंद्राचा खर्च मुख्यतः विकलेल्या विजेवर नव्हे, तर वीजवाहिनीच्या क्षमतेवर अवलंबून असतो. सुटीच्या दिवशी एकाच वेळी येणाऱ्या गाड्यांसाठी मोठी वाहिनी व रोहित्र लागते आणि एरवी ते पडून राहते. यामुळे रस्त्यावर मिळणारी वीज घरच्या विजेहून महाग पडते. इलेक्ट्रॉनिक वसुलीमुळे पथकरनाक्यावर थांबण्याचे कारण उरले नसताना, चार्जिंगमुळे प्रवाशास रस्त्याच्या कडेला पुन्हा थांबावे लागू लागले, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

सवलतींचा संकोच : देशात ५०,००० विद्युत् गाड्या होईपर्यंत किंवा २०१७ पर्यंत सवलती चालू ठेवाव्यात, असे २०१२ मध्ये राजकीय पक्षांत ठरले होते. हा आकडा एप्रिल २०१५ मध्येच गाठला गेला. बसच्या मार्गिकांत विद्युत् गाड्यांची इतकी गर्दी झाली, की बसनाच उशीर होऊ लागला. म्हणून २०१५ मध्ये ऑस्लोच्या पश्चिमेकडील मार्गावर गर्दीच्या वेळी चालकाखेरीज आणखी एक प्रवासी असल्यासच ही मार्गिका वापरण्याची मुभा ठेवण्यात आली. पथकराबाबत २०१८ पासून विद्युत् गाडीस कर आकारण्याची मुभा स्थानिक योजनांना मिळाली, मात्र तो पेट्रोल गाडीच्या कराच्या निम्म्याहून अधिक असू नये, अशी मर्यादा घालण्यात आली. ऑस्लोत २०१९ पासून या गाड्यांना कर भरावा लागू लागला. २०२३ मध्ये ही मर्यादा ७० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. त्याच वर्षी गाडीच्या वजनावर कर बसला आणि ५ लाख क्रोनरहून अधिक किंमतीच्या भागावर मूल्यवर्धित कर सुरू झाला. २०२६ पासून ही किंमतमर्यादा ३ लाख क्रोनरवर आणण्यात आली.

पथकराविषयीचा असंतोष २०१९ च्या स्थानिक निवडणुकांत उघडपणे व्यक्त झाला. वाढत्या पथकराविरुद्ध स्थापन झालेल्या एका पक्षास बर्गेन शहरात सु. १६.७ टक्के मते मिळाली. नवी विद्युत् गाडी घेण्याची ऐपत असलेला मनुष्य कर न भरता शहरात येतो व जुनी डीझेल गाडी वापरणाऱ्या कामगारास पूर्ण कर भरावा लागतो, हा आक्षेप त्या काळात वारंवार घेतला गेला. उलट पक्षी, या सवलती नसत्या तर नव्या गाड्यांचा बाजारच उभा राहिला नसता व जुन्या बाजारात स्वस्त विद्युत् गाड्याही कधी आल्या नसत्या, असे समर्थकांचे म्हणणे होते.

धोरणाच्या उद्दिष्टाचा विचार करता त्याचे यश निर्विवाद आहे. २०२५ पर्यंत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारगाड्या उत्सर्जनरहित असाव्यात, असे उद्दिष्ट संसदेने २०१७ मध्ये ठरविले होते. नव्या गाड्यांतील विद्युत् गाड्यांचे प्रमाण २०२० मध्ये ५४ टक्के, २०२४ मध्ये सु. ८९ टक्के व २०२५ मध्ये ९५ टक्क्यांहून अधिक झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये देशात नोंदलेल्या विद्युत् गाड्यांची संख्या (सु. ७,५४,३००) पेट्रोल गाड्यांच्या संख्येहून (सु. ७,५३,९००) प्रथमच अधिक भरली. अपवाद हाच नियम झाल्यावर त्यास सूट देणे अर्थशून्य ठरते. नाक्यावरून जाणाऱ्या बहुसंख्य गाड्या करमुक्त असतील, तर पूल बांधण्याचे कर्ज फिटणे शक्य नसते.

अंतरावरील कर : पथकराच्या जोडीने इंधनकराचे उत्पन्नही आटू लागल्याने काही देशांनी गाडी जितके अंतर चालेल त्यावर कर बसविण्याचा मार्ग स्वीकारला. न्यूझीलंडमध्ये डीझेल गाड्यांवर असा कर पूर्वीपासून होता, १ एप्रिल २०२४ पासून तो हलक्या विद्युत् गाड्यांनाही लागू झाला (१,००० किमी. मागे ७६ न्यूझीलंड डॉलर). आइसलँडने जानेवारी २०२४ पासून दर किमी. मागे ६ क्रोना असा कर विद्युत् गाड्यांवर बसविला. ऑरेगन राज्याने, म्हणजे जेथे अमेरिकेतील पहिला इंधनकर बसला त्याच राज्याने, २०१५ मध्ये ऐच्छिक स्वरूपात मैलामागे कर घेण्याची योजना सुरू केली. ब्रिटिश सरकारने एप्रिल २०२८ पासून विद्युत् गाड्यांवर मैलामागे ३ पेन्स कर बसविण्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. लंडनच्या मध्यभागात प्रवेश करताना द्याव्या लागणाऱ्या शुल्कातून विद्युत् गाड्यांना असलेली संपूर्ण सूटही डिसेंबर २०२५ मध्ये संपुष्टात आली.

अशा कराची अंमलबजावणी सोपी नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये विद्युत् गाड्यांवर अंतरानुसार कर बसविला. परंतु असा कर बसविण्याचा अधिकार संविधानाप्रमाणे राज्यांस नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये देऊन तो रद्द केला. मार्गमापकातील आकडा कोणी व केव्हा तपासावयाचा, तसेच उपग्रहाद्वारे गाडीचा माग ठेवल्यास नागरिकाच्या खाजगी जीवनाचे काय, हेही प्रश्न वादग्रस्त आहेत. रस्त्याच्या झिजेचा निकष लावला, तरी उत्तर सरळ येत नाही. रस्त्याची झीज ही आसावरील भाराच्या सु. चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे अमेरिकेत १९५८–६० मध्ये झालेल्या प्रयोगांवरून दिसून आले. त्या हिशेबाने बॅटरीमुळे काहीशी जड झालेली मोटारगाडीही मालमोटारीच्या तुलनेने रस्त्याचे फारच थोडे नुकसान करते. लहान गाडी कर देते तो प्रामुख्याने झिजेसाठी नव्हे, तर रस्ता बांधण्याच्या खर्चासाठी व तिने व्यापलेल्या जागेसाठी.

भारत व महाराष्ट्र : भारतात चार्जिंग केंद्र चालविणे ही २००३ च्या विद्युत् अधिनियमाखालील परवानापात्र वीजविक्री आहे काय, याबद्दल प्रथम संदिग्धता होती. ती वीजविक्री नसून सेवा आहे व तीस परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. त्याच वर्षाच्या अखेरीस काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गांच्या दोन्ही बाजूंस दर २५ किमी. अंतरावर एक, तसेच लांब पल्ल्याच्या व अवजड वाहनांसाठी दर १०० किमी. अंतरावर एक केंद्र असावे, असे सुचविण्यात आले. पथकरवसुलीसाठी राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग पद्धत फेब्रुवारी २०२१ मध्ये सक्तीची करण्यात आली.

महाराष्ट्रात पथकर हा दीर्घकाळ लोकक्षोभाचा विषय राहिला आहे. सु. ९४.५ किमी. लांबीचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्यावरील पथकर गोळा करण्याचा हक्क कंत्राटदारास देऊन त्याच्याकडून ठोक रक्कम घेण्याची पद्धत तेथे अवलंबिण्यात आली; २०२० मध्ये सु. दहा वर्षांसाठी झालेल्या कराराची रक्कम ८,२६२ कोटी रु. होती. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरील हलक्या वाहनांचा पथकर ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द करण्यात आला. २०२५ च्या विद्युत् वाहन धोरणान्वये राज्य शासनाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग (७०१ किमी.; जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला) व शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू (२१.८ किमी.; जानेवारी २०२४ मध्ये खुला) यांवर प्रवासी विद्युत् चारचाकी गाड्या व बस यांना पथकर माफ केला. अन्य काही मार्गांवर अंशतः सवलतीची तरतूद असून महामार्गांवर दर २५ किमी. अंतरात चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्टही ठरविण्यात आले आहे. अटल सेतूवर या माफीची अंमलबजावणी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. धोरणाची मुदत २०३० पर्यंत आहे.

नॉर्वे व महाराष्ट्र यांच्या परिस्थितीत महत्त्वाचे भेद आहेत. नॉर्वेत सवलतीचा मुख्य आधार पेट्रोल गाडीवरील जबर कर हा होता. तेवढा फरक भारतात नाही. नॉर्वेची वीज पाण्यापासून, तर महाराष्ट्राची मुख्यतः कोळशापासून निर्माण होते. महाराष्ट्रातील शहरांत पुष्कळ लोक सदनिकांत राहतात, त्यामुळे घरी चार्जिंगची सोय प्रत्येकास नसते व रस्त्याकाठच्या केंद्रांचे महत्त्व अधिक ठरते. येथील विद्युत् वाहनांत दुचाकींचा व तीनचाकींचा भरणा मोठा असून त्यांच्या मालकांस द्रुतगती मार्गावरील माफीचा लाभ पोहोचत नाही. तो प्रामुख्याने चारचाकी गाडी बाळगणाऱ्यांस व बसप्रवाशांस मिळतो. तसेच जेथे पथकर कंत्राटदाराने आगाऊ रक्कम देऊन घेतलेला असतो, तेथे माफीमुळे येणारी तूट शेवटी सार्वजनिक कोषातून भरून द्यावी लागते, म्हणजे ज्याने तो रस्ता कधी पाहिलाही नाही, त्याच्यावरही तिचा अंशतः भार पडतो.

मूल्यमापन : पथकरातील सूट हे नव्या वाहनाच्या प्रसाराचे प्रभावी, सुलभ व लोकांस तत्काळ जाणवणारे साधन आहे, हे नॉर्वेच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. ते स्वभावतःच अल्पायुषी असते, हेही त्याच अनुभवाने दाखवून दिले. टपालगाड्यांच्या काळी चाके व घोडे मोजून, मोटारींच्या काळी पेट्रोलचे माप मोजून रस्त्याचा खर्च वसूल झाला. विद्युत् वाहनांच्या काळी तो किलोमीटर मोजून वसूल होण्याची चिन्हे दिसतात. मोजण्याची रीत बदलली, तरी रस्त्याचा खर्च टळत नाही. म्हणून सवलत देतानाच तिची मर्यादा वाहनसंख्येत वा वर्षांत निश्चित करणे, तिच्यामुळे होणारी तूट कोण भरून देणार हे जाहीर करणे आणि ती संपल्यावर येणाऱ्या आकारणीची पूर्वकल्पना वाहनधारकास देणे, या गोष्टी आवश्यक ठरतात. नॉर्वेने १९९७ मध्ये दिलेली माफी टप्प्याटप्प्याने मागे घेण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला व त्यासाठी मोठा राजकीय विरोधही सहन करावा लागला. महाराष्ट्रातील माफीस आरंभीच २०३० ही कालमर्यादा आहे. ती मर्यादा येईल त्या वेळी राज्याच्या रस्त्यांवर विद्युत् वाहनांचे प्रमाण किती असेल, यावर तिचे पुढील स्वरूप अवलंबून राहील.